दिवाळीची यादी एकाच डोक्यात का?

अजून गणपतीसुद्धा यायचेत आणि मी दिवाळीचं काय घेऊन बसले असं वाटेल, पण ही पत्रं दिवाळीच्या आठवड्यात छापून कुणालाच उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचे हात पिठात असतात. म्हणून आत्ताच घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, लग्नाला आठ वर्षं झाली, पाच वर्षांची मुलगी आहे, दोघंही नोकरी करतो, कल्याणला राहतो. दिवाळीत बायको सांगेल ते सगळं मी करतो, पंखे पुसतो, माळे काढतो, सामान आणतो, कंदील लावतो. तरी दरवर्षी धनत्रयोदशीच्या आसपास आमचं वाजतंच. मागच्या दिवाळीला मी पोहे जाडे आणले तर ती चक्क रडायला लागली, म्हणाली सांगून सांगून दमले मी. मग नको सांगूस म्हटलं तर अजूनच चिडली. माझं नेमकं चुकतं काय? पाडव्याला काय आणू विचारलं तर म्हणते काही नको. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : अहो, पोह्यांवरून नाही रडली ती. तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा, "बायको सांगेल ते सगळं करतो". म्हणजे हात तुमचे चालतात पण डोकं तिचं एकटीचंच चालतं, आणि दिवाळीत दमवतं ते डोकंच.

एकदा बसून विचार करा तिच्या डोक्यात त्या पंधरा दिवसांत काय काय असतं. चिवड्याला पातळ पोहे, ते आधी आणायला हवेत कारण ऊन दाखवायचं असतं, भाजणी धुऊन वाळवून भाजून गिरणीत द्यायची आणि तीही गर्दी व्हायच्या आत, अनारसे करायचे तर तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे रोज पाणी बदलायचं, नव्या पणत्या पाण्यात घालून ठेवायच्या नाहीतर तेल पितात, मुलीचा फ्रॉक सैल आहे तो टेलरकडे, कामवाल्या मावशींचा बोनस, वॉचमनची दिवाळी, सासूबाईंना साडी, उटणं, मोती साबण, धनत्रयोदशीला धणे-गूळ, लक्ष्मीपूजनाला लाह्या बत्तासे आणि नवी केरसुणी, आणि हे सगळं ऑफिसचं काम करता करता, लोकलमध्ये उभ्याने. त्यातली एक गोष्ट ती तुम्हांला सांगते, तुम्ही ती करता आणि मोकळे होता. ती मोकळी होत नाही, तिला पुढची आठवावी लागते. आणि जाडे पोहे आले की सांगितलेलं कामसुद्धा परत तिच्याच यादीत येऊन पडतं. रडू त्याचं आलंय.

म्हणून यंदा सांगकाम्या होऊ नका, दोन-तीन कामं मुळापासून शेवटपर्यंत स्वतःची म्हणून घ्या. समजा चिवडा तुमचा. तुमचा म्हणजे दाणे, डाळं, खोबरं, कढीपत्ता किती हे तुम्ही ठरवायचं, आदल्या रविवारी तुम्ही आणायचं, पोहे बाल्कनीत पसरायचे आणि संध्याकाळी आठवणीने आत घ्यायचे तेही तुम्हीच. मग मंद आचेवर परतायचे, बोटांनी चुरडून बघायचे, कुरकुरीत चुरा झाला तर झाले, वाकले तर अजून थोडे. फोडणीत कढीपत्ता ओला राहिला तर सगळा चिवडा मऊ पडतो, तेव्हा तो कडक होईस्तोवर धीर धरा. दाणे काढून घेतल्यावर मग हळद, आधी घातली तर करपते. गार झाला की डबा भरायचा आणि कढई घासून जागेवर ठेवायची, इथपर्यंत चिवडा.

तसंच उटणं, अंघोळ, पहाट हे सगळं तुम्ही घ्या. रात्री वाटीत उटणं काढून ठेवणं, तेल कोमट करणं, पहाटे गीझर लावणं, पोरीला उठवून तेल लावणं, पायाखाली चिरांटं ठेवणं. तिला त्या दिवशी फक्त उठून पाटावर बसू दे. आमच्याकडे माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी मी काहीच करायच्या मनःस्थितीत नव्हते, फराळ नव्हताच, पण पहाटे मिस्टरांनी न बोलता पाट मांडला आणि माझ्या डोक्यावर तेल घातलं, तेलाचा ओघळ कानामागून मानेवर आला तेव्हा मी खूप दिवसांनी मोकळी रडले. मला आठवते ती दिवाळी, बाकीच्या आठवतच नाहीत.

एक गोष्ट तुमच्या बायकोसाठी पण लिहिते, हे तिला वाचून दाखवा. ताई, चिवडा त्याचा म्हटला की किचनमध्ये मागे उभं राहून "अगं बाई एवढं मीठ" करायचं नाही. खारट झाला तर खारट खाऊ, पुढच्या वर्षी नीट होईल.

पाडव्याचं म्हणाल तर ती काही नको म्हणते कारण काय हवं ते ठरवून तुम्हांला सांगणं हे पण तिलाच करावं लागणार. वर्षभरात ती कधीतरी काहीतरी बोललेली असते, चपलेचा बंद तुटलाय, एकटीने दोन दिवस मैत्रिणीकडे जायचंय, चष्मा बदलायचाय. ते लक्षात ठेवून आणलंत तर पाचशेची गोष्ट पण चालेल, औक्षणाच्या ताटात पाकीट टाकण्यापेक्षा केव्हाही बरं.

प्रश्न : आम्ही पुण्यात, सासर सांगलीला आणि माझं माहेर नाशिकला. सहा वर्षं दिवाळी सांगलीलाच होते, पाडव्याची ओवाळणी झाली की मी एकटी बॅग घेऊन पुण्याला आणि तिथून नाशिकला, भाऊबीज कशीबशी गाठायची. नवरा चांगला आहे पण म्हणतो आईला वाईट वाटेल. तिकिटांचे हाल तर विचारू नका. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आईला वाईट वाटेल हे खरं आहे, पण तुझी आई सहा वर्षं लेक-जावई लक्ष्मीपूजनाला कसे दिसतात हे बघितल्याशिवाय राहिलीय तेही खरं आहे, आणि ते त्याने एकदा मोठ्याने म्हणायला हवं. सासूबाईंशी हे त्याने बोलायचं, तू नाही. तू बोललीस तर सून माहेराला ओढते असं होतं, मुलगा बोलला तर ते फक्त प्लॅनिंग असतं. आपल्या घरांत हे असंच आहे, चुकीचं आहे, पण यंदाची दिवाळी त्यातूनच काढायची आहे ना.

आता २०२६ चं कॅलेंडर काढ. ८ नोव्हेंबर रविवार, नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. मधला सोमवार रिकामा! माझं म्हणणं, लक्ष्मीपूजन करून सोमवारी दोघं सांगलीहून निघा, रात्री पुण्यात तुमच्या घरी पोचा आणि पाडवा तुमच्या दोघांच्या घरात करा. सहा वर्षांत तुम्ही स्वतःच्या घरात दिवाळीचा एकतरी दिवा लावलाय का? पाडवा नवरा-बायकोचा सण आहे, तो एकदा तुमच्या दारातल्या रांगोळीसमोर होऊ दे. मग मंगळवारी दुपारी नाशिक, दोघं मिळून.

आणि भाऊबीजेला बहिणीनेच धावत माहेरी जायचं असं कुठाय? कथेत यम यमुनेकडे जेवायला जातो, भाऊ बहिणीच्या घरी. तेव्हा पुढच्या वर्षी भावाला पुण्याला बोलव, आणि सांगलीला जायचं का नाशिकला हे आलटून पालटून करायचं आत्ताच ठरवून टाका, दर वर्षी नव्याने वाद नको.

तिकिटांचं काम नवऱ्याकडे दे, पूर्ण. रेल्वेचं आगाऊ बुकिंग १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ९ नोव्हेंबरच्या गाडीसाठी १० सप्टेंबरला सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसायचं. नाशिकला एसटीच बरी, मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं आहे. प्रायव्हेट बसवाल्यांना एसटीच्या दीडपटीच्या वर भाडं घेता येत नाही असा राज्याचा नियम आहे, कुणी जास्त मागितलं तर त्याला हे सांगायला लाजू नका.

प्रश्न : आम्ही दोघंच आता साताऱ्यात, मी ६९, हे ७४. मुलगा सून जर्मनीत. हे म्हणतात दोघांसाठी कशाला घाट, विकत आणू. माझे गुडघे खरंच साथ देत नाहीत, पण तळणाचा वास नाही तर दिवाळी आली कशी म्हणायची? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काकू, दोघांचंही बरोबर आहे. चकली, शेव, चिवडा बचत गटाच्या बायकांकडून घ्या, छान करतात. घरी एकच पदार्थ करा, ज्याला तुमचाच हात लागतो तो. मी म्हणेन अनारसे, कारण ते बसून करता येतात आणि काकांना त्यात खरं काम आहे. तांदूळ भिजवणं आणि रोज पाणी बदलणं त्यांच्याकडे, पंचावर निथळून दमट असतानाच दळून आणणं त्यांच्याकडे. गूळ घालून गोळा डब्यात तुम्ही ठेवा आणि डबा कुठे ठेवलाय ते त्यांना सांगा, रोज उघडून वास घेतील. मुलाला पाठवायचं तर शंकरपाळी नि चिवडा नीट पोचतात, चकल्यांचे तुकडे होतात, आणि पार्सल ऑक्टोबर लागला की द्या, शेवटाची वाट बघू नका.

आणि ८ तारखेला रविवार आहे, मुलाला सुट्टी असणार. त्यांचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तुमच्या पूजेला संध्याकाळी सात वाजले की तिकडे दुपारचे अडीच. मोबाईल आधीच स्टँडवर लावून ठेवायला काकांना सांगा, आणि तुम्ही खुर्चीवर बसून अनारसा खसखशीवर थापा, काका तो खसखस वर ठेवून तुपात सोडतील, वरच्या बाजूला झाऱ्याने तूप उडवतील, उलटायचा नाही हे त्यांना दोनदा सांगावं लागेल. पहिला बहुतेक फसेल, तो मुलाला दाखवा.