श्वासावरून मलेरियाकडे जाताना

कोल्हापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

श्वसनाचे काम सोडून मलेरियाच्या प्रतिकारशास्त्राकडे वळू का, असे तू विचारतेस. वळ, पण हातातले टाकून नको. वायूचा अंशदाब, म्हणजे मिश्रणातल्या एकट्या वायूचा दाब, ज्याला कळतो, त्याला परजीवी वाढवताना होणाऱ्या कितीतरी चुका आधीच दिसतात.

गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालणाऱ्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेल्या हवेवरून फुप्फुसांची मोजणी, आधी नीट पुरी कर. निघण्यापूर्वी ३ लिटरच्या पिचकारीने यंत्र तपास, आकडा २.९१ ते ३.०९ च्या आत हवा. शेडवर पोचल्यावर पुन्हा तपास. सगळ्यात जास्त घोळ होतो तो तापमानाचा. फुंकलेली हवा बहुतेक यंत्रांत थंड होऊन आकसते, म्हणून यंत्र तिचे आकारमान शरीराच्या ३७ अंशांच्या हिशेबाने वाढवून सांगते. खोली २५ अंशांची असेल तर गुणक सुमारे १.०७५, ३० अंशांची असेल तर १.०४५. प्रयोगशाळेतले २५ तसेच ठेवून ३० अंशांच्या शेडमध्ये मोजलेस, तर प्रत्येकाची फुप्फुसे जवळपास ३ टक्के मोठी दिसतील आणि धुराने झालेले थोडे नुकसान त्यातच लपून जाईल. माणसामागे ग्राह्य फुंका ३ हव्यात आणि उत्तम दोहोंतला फरक १५० मिलिलिटरच्या आत. आठाच्या पुढे जाऊ नकोस, माणूस दमतो. तोंडातली तंबाखू थुंकायला लाव. कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे, नाहीतर ओठांच्या कडेने हवा गळते.

आता मलेरिया. १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी फाल्सिपॅरम, म्हणजे गंभीर मलेरियाचा परजीवी, प्रयोगशाळेत सलग वाढवून दाखवला. बरणीत मेणबत्ती पेटवायची आणि ती विझू लागली की झाकण घट्ट लावायचे. ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, एवढेच त्याला हवे होते. आज सिलिंडरमधून ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन देतात. आपले कोल्हापूर साडेपाचशे मीटरांवर. त्यामुळे ओलसर हवेतल्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा दाब मुंबईत पाऱ्याच्या सुमारे ३६ मिलिमीटर असेल तर इथे ३३. फरक छोटा आहे, पण टक्के आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्के राहावे म्हणून लिहिले.

परजीवी ज्या द्रवात वाढवतात त्या माध्यमातला बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड मिळून आम्लता ठरवतात, अगदी रक्तात ठरवतात तशी. बाटली बाहेर राहिली की वायू उडून जातो, आम्लता घटते आणि दर्शक रंगामुळे माध्यम गुलाबी होते. उलट, परजीवी फार वाढले की माध्यम पिवळट पडते, कारण ते ग्लुकोज जाळून लॅक्टिक आम्ल सोडतात. म्हणून माध्यम रोज बदल आणि बाधित पेशी ५ टक्क्यांच्या पुढे जाण्याआधी ताज्या, धुतलेल्या तांबड्या पेशी घाल. गंभीर मलेरियाचा रुग्ण छाती स्वच्छ असूनही खोल श्वास घेत असेल, तर पुष्कळदा त्यामागेही लॅक्टिक आम्लच असते. हे तुला कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

सगळे परजीवी एका वयाचे हवे असतील तर बाधित पेशी सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या ५ टक्के द्रावणात ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेव. वाढलेल्या परजीवींच्या पेशी फुटतात, कोवळे वलयाकार तेवढे उरतात. स्लाइडबद्दल एक सांगतो: आपल्याकडच्या पावसाळ्यात स्लाइड पक्की करायचे मिथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि तांबड्या पेशींत चकाकणारी भोके दिसू लागतात. नवखा त्यांनाच परजीवी समजतो. बाटली छोटी ठेव, झाकण लगेच लाव. जिम्सा या परजीवी रंगवायच्या रंगाच्या पाण्याचा पीएच ७.२ ठेव.

एलायझाला, म्हणजे प्लेटवरच्या रंगावरून रक्तातले प्रतिपिंड मोजायच्या चाचणीला, मात्र घाई करू नकोस. प्रतिपिंड सापडले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. पुष्कळदा तो नुसता पूर्वीच्या संसर्गाचा माग असतो. प्रतिपिंड संरक्षण देऊ शकतात, हे १९६१ मध्ये गांबियात दिसले: रोगप्रतिकार आलेल्या प्रौढांच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश, आजारी मुलांना दिल्यावर परजीवी घटले. तिथे पुरावा आजाऱ्यात झालेल्या बदलाचा होता, प्लेटवरच्या रंगाचा नव्हता. ‘होय’ आणि ‘नाही’ची सीमा मलेरिया न झालेल्यांच्या सरासरीवर तीन प्रमाण विचलने (आकड्यांच्या पसाऱ्याचे माप) चढवून ठरव. कोल्हापूरचा माणूस म्हणजे मलेरिया न झालेला, असे गृहीत धरू नकोस. कोकण, गोवा, गडचिरोलीत राहिलास का, हे आधी विचार. प्लेटच्या कडेची घरे लवकर सुकतात, त्यांत नमुने घालू नकोस.

रक्त हाताळण्याआधी नीतिसमितीची लेखी परवानगी आणि हिपॅटायटिस-बी ची लस, दोन्ही हवे.

संस्था कोणती, ते नंतर पाहू. पुढच्या पत्रासोबत पिचकारीच्या सात दिवसांच्या नोंदी पाठव, तापमानासकट.

कळावे.