टँकमध्ये एसी असतो का? उंच माणसाला आत जमतं का?

"टँकमध्ये एसी असतो का, आणि ५ फूट ११ इंच उंचीच्या मुलाला आत बसणं जमेल का?" असं तुम्ही विचारलंय. पैकी पहिला प्रश्न आमच्या एरंडोलकडची पोरंही मला सोडत नाहीत: "आबा, टँकमा एसी ऱ्हास का?"

मी टी-७२ रणगाड्यावर ड्रायव्हर होतो, आता कापूस पिकवतो. आमच्या गाडीत एसी नव्हता. पंखा होता, पण राजस्थानात मे महिन्यात तो गरम वाराच आत ढकलायचा. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पचवलेला माणूस मी, तरी डांगरी घामाने पाठीला चिकटून बसायची. त्यात इंजिनाची धग, आणि बाहेरच्या पोलादाला उघडा हात लागला की चटका.

तरी खरा जाच जागेचा. ही गाडी मुद्दाम बुटकी केलीय, उंची जेमतेम सव्वादोन मीटर, म्हणजे लांबून पटकन दिसू नये. ड्रायव्हर पुढे मधोमध एकटा. हॅच, म्हणजे डोक्यावरचं झाकण, उघडं असलं की सीट वर घेऊन डोकं बाहेर काढायचं. बंद केलं की सीट खाली, मान आखडलेली, गुडघे वर, आणि जग दिसणार ते पेरिस्कोपच्या पट्टीएवढं. स्टिअरिंगचं चाक नाही, दोन हातांत दोन दांडे. तोफेची नळी नेमकी डोक्यावर येऊन थांबली तर हॅच उघडत नाही, म्हणून सीटच्या मागे तळाला सुटकेचं झाकण ठेवलंय.

टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, डावीकडे तोफ डागणारा गनर, उजवीकडे कमांडर, मध्ये तोफ. गोळे भरायला चौथा माणूसच नाही, ते काम यंत्र करतं. गाडी बुटकी ठेवता आली ती त्यामुळेच.

आपल्या अर्जुन रणगाड्यात चौघे बसतात, जागा मोकळी, सस्पेन्शनही मऊ. पण टी-७२ साधारण ४१ टनांची, तर अर्जुन ५८ च्या वर. मग पूल आणि रेल्वेचे डबे बघून हलवावा लागतो.

आराम म्हणजे चैन, असं काही साहेब म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. तासन्‌तास हादरे खाल्लेल्या गनरचा नेम कसा लागणार? टी-९० हे नवे रणगाडे आले तेव्हा वाळवंटातल्या उष्णतेने त्यांचे थर्मल कॅमेरेच (अंधारात उष्णतेवरून बघणारे) बिघडू लागले, तेव्हा कुठे गारव्याची चर्चा जोरात झाली. माणसं तर आधीपासून घामाघूम होतीच!

तुमच्या उंचीला जमेल, पण गुडघे आणि डोकं ठेचकाळणार. हेल्मेट घातल्याशिवाय आत वाकू नका, आणि पाठीचा व्यायाम आतापासूनच सुरू करा.