वाचकांचे प्रश्न : भटकंतीची सुरुवात खाडीपासून

प्रश्न : मुलांना देशातील निसर्ग दाखवायचा आहे; सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या दाराशी असलेल्या ठाणे खाडीपासूनच करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहितांचे थवे असतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी बुडवून ते शेवाळ व सूक्ष्मजीव गाळून खातात, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहायलाच हवे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट भरतीवर अवलंबून असते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच दिवस ठरवावा. त्यानंतर पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात जावे. मात्र पावसाळ्यात लहान मुलांसह तेथील किल्ल्याची चढण टाळावी.