आधीच सगळं ठरलेलं असेल, तर मी काय ठरवायचं?

'सर, सगळं आधीच ठरलेलं असेल तर माझ्या इच्छेला अर्थ काय?' हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. चाळिशीतल्या एका गृहस्थांनी तो पहिल्याच भेटीत टाकला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडील पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, डोक्यावर घराचं कर्ज, नोकरी मनाविरुद्ध. त्यात मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाबद्दल कुठेतरी वाचलेलं: मनगट हलवायची इच्छा जाणवण्याआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली असते. म्हणजे निर्णय आपला नसतोच, हा त्यांचा निष्कर्ष. मी एवढंच म्हणालो, की मनगट कधी हलवायचं हे वेगळं आणि वडिलांचं कोणी करायचं हे वेगळं. शिवाय उठलेली ऊर्मी ऐन वेळी रोखता येते, असं खुद्द लिबेट मानत. वाद तिथेच सोडला. थकलेल्या माणसाशी तत्त्वज्ञानावर झुंजण्यात मला रस नसतो.

त्यांच्याकडून कालचा दिवस कागदावर लिहून घेतला. वडिलांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, ऑफिस, येताना औषधं, रात्री भरवणं. यातलं काय टळलं असतं? फार थोडं. ते मी मान्य केलं. 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' हे वाक्य अशा माणसाच्या तोंडावर फेकणं मला क्रूर वाटतं. पण एक ओळ होती: 'रविवारीही मीच. भाऊ येणार नाही.'

'त्यांना विचारलंत कधी?'

'विचारून काय उपयोग? तो काय म्हणणार ते मला माहीत आहे.'

म्हणजे भावाचं उत्तरही यांनीच देऊन टाकलं होतं. बाकीची बंधनं खरी होती. हे अजून कोणी घातलंच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ चा प्रयोग इथे आठवतो. न टळणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री, पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहिली. हतबलता शिकली जाते, असं तेव्हा मांडलं गेलं. २०१६ मध्ये याच दोघांनी ते उलटवलं: लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया, आपल्या करण्यानं काही बदलतं, हे शिकावं लागतं. माझं काम मला तिथेच दिसतं. इच्छास्वातंत्र्य सिद्ध करून दाखवणं हे काही समुपदेशकाचं काम नव्हे.

फोन करायला त्यांनी बरेच दिवस लावले. रविवारी यायला भाऊ नाहीच म्हणाला, अंदाज खरा ठरला! पण दिवसा मदतनीस ठेवायचे निम्मे पैसे द्यायला तयार झाला, जे यांनी मागितलेही नव्हते. वडील तसेच आहेत, हप्ताही तसाच. गेल्या भेटीत नोकरीचा विषय निघाला. कर्ज फिटेपर्यंत ती सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. घराजवळच्या शाखेत बदलीसाठी अर्ज मात्र दिलाय. मंजूर होईल असं त्यांना वाटत नाही, तरी दिलाय.