पिकअप सगळ्यात शेवटी

प्रश्न : ताई, ओळखीतल्या एकाकडून जुनी सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) गिटार घेतली आहे. गिब्सनच्या ईएस-३३५ च्या घाटाची, दोन हम्बकर (तारांची कंपनं टिपणारे दुहेरी कॉइलचे पिकअप), दोन व्हॉल्यूम, दोन टोन. दिसायला झकास आहे, नेकही सरळ आहे. पण जी-तार सुरात राहतच नाही, एकदा बेंड केलं, म्हणजे तार बाजूला ताणली, की उतरलीच. नेक पिकअप गढूळ वाजतो. व्हॉल्यूम जरा कमी केला की ट्रेबल नाहीसं होतं आणि नॉब फिरवताना खरखर येते. बँडमधली मंडळी म्हणतात, चांगले पिकअप टाक, सगळं मार्गी लागेल. पिकअप, पॉट (नॉबखालचे कंट्रोल), लॉकिंग ट्यूनर (तार पकडून ठेवणाऱ्या किल्ल्या), ब्रिज (तारांचा अंगावरचा टेकू) अशी यादी तयार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ऑर्डर देण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत. ती यादी तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि त्यातली एकच पिकअपशी संबंधित आहे. तीही बहुधा स्क्रू-ड्रायव्हरनेच मिटेल.

जी-तारेपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तार उतरली की लोक ट्यूनर बदलतात. ट्यूनर घसरतो असं क्वचितच होतं. तीन-तीन किल्ल्यांच्या हेडस्टॉकवर डी आणि जी या तारा नटमधून (फ्रेटबोर्डाच्या टोकाची खाचांची पट्टी) बाहेर पडल्या की कडेला वळतात, आणि त्या वळणावर नटची खाच त्यांना धरून ठेवते. खात्री करून घ्या. तार नीट लावा, बाराव्या फ्रेटवर जोरात बेंड करा, सोडा. सूर उतरला? आता नट आणि किल्ली यांच्या मधला तारेचा तुकडा बोटाने हलका दाबा आणि पुन्हा वाजवून बघा. सूर जागेवर आला, तर अपराधी नट आहे. बेंड करताना नटमधून पुढे सरकलेली तार परत मागे जाताना अडकली होती, तुमच्या बोटाने ती सुटली. ट्यूनिंग करताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर हे तपासायचीही गरज नाही.

उपाय साधा आहे, पण हात सावकाश चालवावा लागतो. खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद हवी, तिचा तळ गोल हवा आणि उतार हेडस्टॉकच्या दिशेला हवा. तारेचा शेवटचा टेकू फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवर पडला पाहिजे. तळ सपाट राहिला तर मोकळी तार झणझणते आणि इंटोनेशनही, म्हणजे फ्रेटवरच्या सुरांचा खरेपणा, बिघडतं. खोली बघायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकी हवी. तार तिथे टेकलीच असेल तर खाच जास्त खोल गेली आहे आणि नट बदलावा लागेल. बदलायचाच तर हाडाचा घ्या किंवा टस्कचा (कृत्रिम हस्तिदंत), दोन्ही उत्तम. तोवर खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड लावा, फरक त्याच दिवशी कळेल.

लॉकिंग ट्यूनरची हौस असेल तर घ्या, तार बदलणं खरंच झटपट होतं. पण सेमी-हॉलोचं अंग हलकं असतं. हेडस्टॉकवर जड किल्ल्या चढवल्या तर पट्टा गळ्यात असताना नेक खाली झुकायला लागतो. वजन बघून घ्या आणि आधी भोक मोजा. ग्रोव्हर रोटोमॅटिक घाटाच्या ट्यूनरला साधारण १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या क्लूसन घाटाच्या ट्यूनरला त्याहून लहान. मागच्या स्क्रूच्या जागाही जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर नवीन भोकं पाडत बसू नका, जुळणारेच ट्यूनर शोधा.

ब्रिजबद्दल एवढंच, की खडखडत नसेल आणि सॅडल (तार टेकते ते तुकडे) झिजले नसतील तर त्याला हात लावू नका. लावायचाच झाला तर खांबांची जाडी आणि दोन खांबांमधलं अंतर कॅलिपरने मोजून मगच मागवा. लाकडात बसवलेले खांब उपटून मोठे बसवायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका.

आता नेक पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंतचं (पिकअपवर तारेखाली असलेलं धातूचं टोक) अंतर मोजा. नेकला सुमारे २.४ मिलिमीटर आणि ब्रिजला सुमारे १.६ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. जुन्या गिटारींत नेक पिकअप तारांना चिकटेल इतका वर आणलेला असतो, कारण आधीच्या माणसाला तो जोरात हवा असतो. त्याला खाली न्या, जाड तारांची बाजू आणखी थोडी खाली, आणि पातळ तारांखालचे पोलचे स्क्रू एखादा फेरा वर काढा. गढूळपणा याने किती निवळतो ते बघून मगच पुढचं बोला.

पिकअप जिवंत आहेत का हे गिटार न उघडताही कळतं. केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. पीएएफ जातीच्या (गिब्सनच्या जुन्या हम्बकरच्या धर्तीच्या) हम्बकरला ७ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा दिसतो. स्विच मध्ये ठेवलात तर तो साधारण निम्मा होतो, कारण दोन्ही पिकअप समांतर जोडले जातात. आकडा शून्याला टेकला किंवा काहीच दिसेना, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा वायर तुटली आहे. अशा वेळी नवा पिकअप घालूनही तोच बिघाड शिल्लक राहू शकतो.

आता येते खरी मेहनत. तुमची गिटार आतून कशी आहे हे लक्षात घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास लाकडाच्या एका भरीव ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले आणि दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीच्या फाका लावल्या. पुढे गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ बाजारात आणली, तिच्या पोटातही मधोमध मेपलचा भरीव ठोकळा आहे. तो फीडबॅकला (स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारी ओरड) आवरतो, सस्टेन देतो, म्हणजे सूर लांबवतो, आणि कडेचे पोकळ भाग आवाजाला हवा देतात. मला ही रचना इलेक्ट्रिक गिटारीतली सगळ्यात शहाणी रचना वाटते. फक्त तिच्या पाठीला झाकण नसतं. पॉट, स्विच, जॅक सगळं पातळ तारांच्या बाजूच्या पोकळीत लटकतं आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे तुमचं एफ-होल, गिटारीच्या तोंडावरचं एफ-आकाराचं भोक.

म्हणून माझा नियम असा आहे : बाहेरचे भाग एकेक करून बदला, म्हणजे कशाने काय झालं ते कानाला कळेल. आतलं काम मात्र एकदाच, सगळं ठरवून. पॉटसाठी एकदा, स्विचसाठी पुन्हा एकदा असं करत बसलात तर वायरी तुटतील आणि एफ-होलच्या कडेचा रंग उडेल.

खरखरीवर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा. बारीक नळी एफ-होलमधून आत घालून पॉटच्या पायांजवळच्या फटीत फवारा द्या आणि नॉब पन्नासेक वेळा मागेपुढे फिरवा. पुष्कळदा एवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर पॉट बदला : हम्बकरसाठी ५०० के (किलोओहम), ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा वाढत गेल्यासारखा वाटतो तो). २५० के सापडले तर गढूळपणाचं आणखी एक कारण सापडलं म्हणायचं. आयात गिटारींत बऱ्याचदा १६ मिलिमीटरचे छोटे पॉट असतात आणि लोक ते पाहून नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. छोटा पॉट वाईट वाजत नाही, फक्त त्याचं मूल्य बरोबर हवं. २४ मिलिमीटरचे मोठे घ्यायचे असतील तर ते एफ-होलच्या सगळ्यात रुंद भागातून जातात का, ते मागवण्याआधी मोजा. अनेक मोठ्या पॉटना ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं आणि तुमचं लहान असू शकेल. ते ड्रिलने मोठं करू नका, वरचा लॅमिनेटचा थर फुटतो. भोकावर मास्किंग टेप लावा आणि हाताच्या रीमरने हळूहळू वाढवा. जुने नॉब नव्या दांड्यावर घट्ट जात असतील तर दाबू नका, दात्यांची संख्या वेगळी असणार.

ट्रेबल नाहीसं होण्याला पैसे लागत नाहीत. सध्या बहुधा टोनचं जोडणं व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या पायाला असेल. ते तिथून काढून मधल्या पायाला, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या पायाला, लावा. याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. मग व्हॉल्यूम ७ वर आणला तरी आवाजाची धार राहते. टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांवर थोडा परिणाम करायला लागतात, पण हाताला त्याची सवय होते आणि मला तर ते आवडतं.

प्रत्यक्ष काम करताना आधी गिटारीच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून सहाही भोकं त्यावर उतरवून घ्या, चार पॉट, एक स्विच, एक जॅक. नवीन पॉट त्या पुठ्ठ्यावरच बसवा, सगळं सोल्डरिंग गिटारीच्या बाहेर करा, पिकअप तात्पुरते जोडून ॲम्पवर वाजतं का तपासा. वायरी बोटभर लांब ठेवा. उघड्या जाळीची वायर असेल तर तिच्यावर आवरण चढवा, नाहीतर पॉटच्या पायाला चिकटून आवाज बंद पडेल आणि कारण शोधताना दिवस जाईल.

जुनं हार्नेस (वायरींनी जोडलेले पॉट, स्विच आणि जॅक) आत ढकलण्याआधी मत्स्यपेटीच्या हवेच्या पंपाला असते तशी मऊ प्लास्टिकची नळी प्रत्येक दांड्यावर घट्ट बसवा आणि दुसरं टोक भोकाबाहेर राहू द्या. जुना पॉट एफ-होलमधून बाहेर आला की त्याच्यामागोमाग नळीही येते. ती तशीच नव्या पॉटवर चढवा, आतला वॉशर विसरू नका, आणि बाहेरून ओढा, नाडी ओवतात तसं. सगळ्यात लांबच्या भोकातला भाग आधी, एफ-होलजवळचा शेवटी. दांडा भोकातून डोकावला की नळी लगेच काढायची नाही. बाहेरचा वॉशर आणि पॉटचा आट्यांचा नट त्या नळीवरून घसरवत खाली आणा, दोन आटे बसवा, मग नळी ओढून काढा. घाईने आधी नळी काढली तर पॉट आत पडतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे चालू असताना एफ-होलच्या कडांना टेप लावलेली असू द्या, सोल्डरचे थेंब रंगावर ओरखडे काढतात.

सगळं बसलं की टेलपीस (तारांची टोकं अडकवतात तो भाग) आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात मल्टिमीटर लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर टेलपीसच्या खांबाकडे जाणारी अर्थची वायर सुटली आहे आणि हम येत राहील.

इतकं झाल्यावर महिनाभर वाजवा. तरी आवाज मनासारखा नसेल तर पिकअप खुशाल बदला, आणि तेव्हा तुम्हाला नक्की काय हवंय हेही माहीत असेल. या गिटारीला फार ताकदीचे पिकअप देऊ नका, पोकळ भागाची हवा त्यात दबून जाते. ७ ते ८ किलोओहमचे अल्निको मॅग्नेटवाले माझी पहिली पसंती. कॉइल स्प्लिट (हम्बकरची एकच कॉइल वाजवायची सोय) हवं असेल तर चार वायरींचे घ्या आणि रंगांचा तक्ता त्याच कंपनीचा वापरा, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. स्विच मध्ये ठेवल्यावर आवाज नाकात बोलल्यासारखा आणि पोकळ आला तर दोन पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत, एकाची जोडणी उलटवा.

प्रश्न : टोनसाठी जुन्या बनावटीचे भारी कपॅसिटर घालावेत का?

उत्तर : नको. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर घाला. टोनचा नॉब कुठवर गडद जातो हे त्या आकड्यावर ठरतं, तो कशाचा बनलाय यावर नाही. ०.०४७ घातलात तर नॉब पूर्ण बंद केल्यावर आवाज जास्त झाकोळेल, इतकंच. वाचलेल्या पैशात चांगला जॅक आणि स्विच घ्या, आधी दगा तेच देतात.

प्रश्न : ताई, माझीही सेमी-हॉलो आहे. ड्रमबरोबर आवाज वाढवला की गिटार ओरडायला लागते. एफ-होल बुजवू का?

उत्तर : आधी ती कशी ओरडते ते ऐका. ओरडायला लागली की सगळ्या तारांवर हात ठेवा. बारीक, कर्कश शिट्टी तरीही चालू राहिली तर दोष पिकअपचा आहे. आत मेण भरलेलं नसेल तर कॉइल आणि झाकण थरथरतं. तो पिकअप काढून जाणकाराकडून वॅक्स-पॉटिंग करून घ्या. घरी गॅसवर मेण तापवायचा विचारही करू नका, ते पेट घेतं.

जाड, घुमणारा आवाज असेल आणि हात ठेवल्यावर थांबत असेल तर अंग आणि तारा मिळून घुमताहेत. त्यावर पहिला उपाय जागेचा : ॲम्पच्या समोरून बाजूला व्हा, गिटारीचं तोंड स्पीकरकडून वळवा, ॲम्पवरचा बेस कमी करा. तेवढ्याने नाही जमलं तर एफ-होल बुजवण्यात काही गैर नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाने गिब्सनने १९८० मध्ये काढलेल्या ल्युसिल मॉडेलला एफ-होलच नाहीत, आणि कारण हेच. मऊ फोम एफ-होलच्या आकारापेक्षा जरासा मोठा कापा आणि दाबून बसवा. गोंद लावू नका. आत काही बिघडलं तर रस्ता तोच आहे.