एकाच आजारापायी सगळं आयुष्य घालवू का?

प्रश्न : मॅडम, मी एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं न्यूरॉलॉजीत डी.एम. करून मल्टिपल स्क्लेरोसिसवर (एम.एस., म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार) काम करायचं आणि मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात आहे. बाबा म्हणतात, "या आजाराचे पेशंट आपल्याकडं असतात तरी किती? सरळ प्रॅक्टिस टाक." काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा 'तू'च म्हणते.

बाबा म्हणतात तेच आम्हालाही शिकवलं होतं. शार्को या फ्रेंच डॉक्टरनं 1868 मध्ये पॅरिसला वर्णन केलेला हा आजार म्हणजे थंड देशांतल्या गोऱ्यांचा. आपल्याकडं प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे, हे खरंच. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, हे मला एका शाळेतल्या बाईंमुळं कळलं.

मी नवी रजिस्ट्रार होते. तिशीच्या आतल्या त्या बाई म्हणाल्या, "कढत पाण्यानं आंघोळ केली की एका डोळ्यानं अंधुक दिसतं. अंग निवलं की पुन्हा नीट." मी घरचे चार प्रश्न विचारले आणि कागदावर 'मानसिक ताण' लिहून मोकळी झाले. दीड वर्षानं त्या नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत, पाय ओढत आल्या. नसांवरचं मायेलिनचं आवरण झिजलं असेल, तर अंगातली उष्णता वाढताच संदेश वाटेत अडतो. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं हे 1890 मध्ये लिहून ठेवलंय. मला ते पाठ होतं, आणि तरी बाई तेच सांगत असताना मला ऐकू आलं नाही.

त्यांची फाइल पुढं सव्वीस वर्षं माझ्याकडं होती. सुरुवातीला हाताशी स्टिरॉइडखेरीज फारसं काही नव्हतं. 1993 मध्ये अमेरिकेत एम.एस.वरच्या इंटरफेरॉन बीटा या औषधाला मंजुरी मिळाली. पुढं इथं त्याची किंमत सांगितली, तेव्हा बाई न बोलता उठल्या होत्या. मग 2004 मध्ये मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या दुसऱ्या आजाराची रक्तातली खूण, म्हणजे अँटिबॉडी, शोधली. हा आजार एम.एस.सारखाच भासतो, पण इंटरफेरॉननं चिघळू शकतो! ती तपासणी हाती आल्यावर मला रात्री झोप लागेना. रेसिडेंट पोरांनी रेकॉर्ड रूममधून जुने गठ्ठे उपसले, आम्ही एकेका पेशंटला पत्र घालून बोलावलं. चौघांचं निदान बदललं, औषध बदललं. एकटीच्या दवाखान्यात हे मला जमलं नसतं. मी कॉलेजात राहिले ती त्या गठ्ठ्यांसाठी आणि त्या पोरांसाठी.

पैसे खाजगीपेक्षा कमी मिळतील. ते घरी आत्ताच स्पष्ट बोलून घे.

डी.एम.ची तीन वर्षं कुठं करायची हे ठरवताना नुसतं नाव बघू नकोस. तिथं एम.एस.ची वेगळी ओपीडी चालते का, जुने पेशंट वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरांकडं येतात का, हे तिथल्या रेसिडेंटना विचार. आणि आता मे महिना येतोय. तुझ्या ओपीडीत एखादी तरुण बाई "उन्हातून आलं की पायातलं बळच जातं" म्हणाली, तर तिला स्टुलावर बसव, ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं उपकरण) घे आणि दोन्ही डोळ्यांतली नस फिकट पडलीय का, ते स्वतः बघ.