ब्राझीलच्या चामड्याच्या बुटावर 'जंगलतोडमुक्त चामडं' असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवावा का?

ठेवा, पण शेवटच्या गोठ्यापुरता.

तुम्ही विचारलंय ब्राझीलचं. मला आठवली ती चोपड्याकडची आमची गोऱ्ह्यांची जोडी. चार वर्षांपूर्वी बाजारात घेतली. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, व्यापारी म्हणाला, 'घरच्या गाईचे आहेत.' दोघांच्या कानात पिवळे बिल्ले. सोबत मेहुणे होते (धुळ्याला नोकरीला, कागदावर फार जीव). म्हणाले, बारा आकडी नंबर आहे, आता आणखी काय पाहायचं?

घरी आणल्यावर गोऱ्हे कडब्याला तोंड लावीनात. बांधावरच्या अंजनाचा पाला दिसला की दावं तोडायला बघायचे. वडील म्हणाले, हे सातपुड्यात चरलेत, कडबा यांनी पाहिलाच नाही. पुढे लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी नंबर मोबाइलवर टाकले, तर एक बिल्ला म्हशीचा! मेहुण्यांनी चहा संपवला आणि कापसाच्या भावावर गेले.

तिकडेही हेच, फक्त कळप मोठे. अ‍ॅमेझॉनमध्ये जंगल तोडलेल्या जमिनीवर सर्वांत जास्त कुरणंच आहेत. 2009 मध्ये तिथल्या मोठ्या कत्तलखान्यांनी अशा जमिनीवरची गुरं घेणार नाही असं कबूल केलं. पण तपासलं गेलं ते मुख्यतः थेट विकणाऱ्याला. वासरू जन्मतं जाळलेल्या रानात, वाढतं दुसरीकडे, विकलं जातं तिसऱ्याच्या स्वच्छ गोठ्यातून. युरोपच्या 2023 च्या कायद्यात जनावर जिथे जिथे ठेवलं त्या प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश मागितलेत. मागणी रास्त आहे, अंमलबजावणी मात्र पुढे ढकलत आणलीय. म्हणून दुकानदाराला एकच विचारा: वासरू कुठे जन्मलं?

मेहुणे मात्र दर दिवाळीला ऐकवतात, 'तुमना ढोरसनी सातपुडा खाई टाका.' तर ऐका. गुरं झाडं तोडत नाहीत. पण रोपटी खातात, खुरांखाली माती घट्ट होते, आणि लांबून हिरव्या दिसणाऱ्या जंगलात पुढे म्हातारी झाडंच उरतात. आमच्या गुरांनीही हे केलंय, नाकारत नाही. पण केळीपायी बांध कोरून खाली चारा कोणी ठेवला नाही, तेव्हाच गुरं वर गेली ना? त्यात पहिलं शेत मेहुण्यांच्याच घरचं.

गोऱ्हे आता बैल झालेत. बांधावर अंजनाची दोन रोपं लावलीत, त्यांना काट्यांचं कुंपण घालावं लागलं.